बाधित क्षेत्र: गाळणीभर

दर गुरुवारी सकाळी मी जांभूळवाडीच्या तळ्यावर असते.
बोगद्यातून सुटलेल्या ट्रकांचा आवाज
पाण्याला चिकटून येतो.
सांडव्यापासून पलीकडच्या करंजापर्यंत बाराशे पावलं,
दर पन्नासाव्या पावलाला खाली बसायचं
आणि हातभर पाणी बघायचं.
निवृत्तीनंतर लोक गुडघे जपतात.
मी ते चिखलात टेकवते.

आज आठव्या थांब्यावर
निर्माल्याची पिशवी आणि मखराचा थर्माकोल
यांच्या बेचक्यात
करंगळीच्या नखाएवढी पानं, जोडीजोडीनं.
तिसरं पान पाण्याखाली,
मुळाचं सोंग घेऊन.

भिंग लावलं.
पानावर उभे केस, आणि केसाकेसाच्या टोकाला
चार धाग्यांची रवी,
मुंगीनं ताक घुसळावं एवढीशी.
वरून थेंब सोडला. तो भिजवेना,
घरंगळून गेला.

साल्व्हिनिया.

अहवाल वाचताना डॉक्टर चेहरा सपाट ठेवतात
तसा मी ठेवला.
बघायला होती फक्त एक टिबुकली,
तीही बुडी मारून गेली.

बबन मल्लाव ट्यूबवर बसून जाळं काढत होते.
म्हणाले, बाई, एवढ्याशाला काय भ्यायचं?
मग जवळ आले, वाकले,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
सासुरवाडीच्या तळ्यात आधी असंच होतं, म्हणाले,
गोजिरं.
एक दिवस ट्यूब टाकली
तर ती पाण्याला लागेचना.
चटईवर ठेवल्यासारखी, वरच.

महापालिकेत खैरे साहेबांना फोटो पाठवला.
त्यांचा फोन आला:
मॅडम, यात तर नुसतं पाणीच दिसतंय.
हो साहेब. तेच सांगतेय.
अजून पाणी दिसतंय.

अर्जात एक रकाना होता:
बाधित क्षेत्र, चौरस मीटरमध्ये.
मी लिहिलं, गाळणीभर.
त्यांनी ते खोडून शून्य केलं.

बांधाच्या उतारावर काचेची पेटी सापडली,
कोपऱ्यात निळे खडे अजून ओले.
कुणाचं घर बदललं असेल,
कुणाची दहावी आली असेल,
मासे मरायला नकोत म्हणून
कुणीतरी इथवर चालत आलं असेल.
त्या मुलाला मी शोधणार नाही.
पाणी ओतताना त्यानं नक्की
टाटा केला असेल.

एकूण अकरा निघाली.
घरची चहाची गाळणी, बबनरावांचा हात.
ओढायची नाहीत, खालून उचलायची.
तुकडा सुटला की त्या तुकड्याचंच पुन्हा रोप.
काळ्या पिशवीत घालून
पाण्यापासून लांब, मुरमावर, उन्हात.
घरी यजमानांनी विचारलं, नवी गाळणी कशाला?
सांगितलं, जुनी गाळायच्या कामाला लागली.

पुढच्या गुरुवारी चार.
त्यापुढच्या गुरुवारी एक,
तेही बबनरावांना दिसलं, मला नाही.
मग शून्य.
मग पुन्हा शून्य.
खैरे साहेबांचं आणि माझं
शेवटी जुळलं.
पण ही दोन शून्यं वेगळी आहेत,
आणि हे त्यांना समजावायला
माझ्याकडे फोटो नाही.

कुणी विचारतं, काय करता तुम्ही तळ्यावर?
काही नाही, म्हणते.
खरंच, एवढंच करते मी:
काही नाही, हे होत राहावं याची व्यवस्था.

पौष लागला. पाणी बर्फासारखं.
आठवा थांबा. डावा गुडघा कुरकुरतो.
वाकते.
पाण्यात माझाच चेहरा, मध्येच आलेला.
जरा बाजूला सरकते,
त्याच्या जागी बघते.